भरलेला कुकर

मंत्र्यांना भाषण वाचून दाखवताना लेखनिक कधी त्यांच्या तोंडाकडे बघत नसे, पायाकडे बघे. भाषण मनासारखं झालं असेल तर मंत्र्यांची चप्पल अंगठ्यावर झुलायची. नसेल तर ती जमिनीला टेकायची. त्या दिवशी ती पहिल्याच पानाला टेकली आणि पुन्हा उठली नाही.

"आकडे चांगले आहेत," अन्नमंत्री म्हणाले. "पण आकडे ऐकून आजवर कुणी रडलंय का?"

विधेयक होतं शाळेतल्या मुलांच्या जेवणाचं. सरकारी शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराला दुपारी पोटभर गरम जेवण, आणि तेही कुणाची मेहरबानी म्हणून नव्हे, कायद्यानं. शाळेनं दिलं नाही तर आईबापांना दाद मागता येईल अशी सोय. लेखनिकाचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालण्यात चालला होता, पण हे एक काम त्याला स्वतःचं वाटे. मागच्या सभागृहात हे विधेयक एकदा आपटलं होतं. आता पुन्हा आपटलं असतं तर पुढची निवडणूक होईपर्यंत कुणी त्याचं नाव काढणार नव्हतं. विरोधी बाकांचं म्हणणं सोपं होतं: हल्ली उपाशी कोण राहतंय? खरं सांगायचं तर मंत्र्यांच्या बाजूच्या निम्म्या लोकांनाही मनातून तसंच वाटत होतं. ते फक्त बोलून दाखवत नव्हते, एवढाच काय तो दोन बाजूंतला फरक.

"यात एखादी आई आण," मंत्री म्हणाले. "माझी म्हणून सांगतो मी. आईचा विषय निघाला की लोक मुकाट ऐकून घेतात."

आता मंत्र्यांच्या मातोश्री म्हणजे बंगल्यात स्वयंपाकी, दाराशी ड्रायव्हर. बाईंनी उभ्या आयुष्यात काडी ओढली असेल तर ती केकवरच्या मेणबत्त्या लावायला. हे लेखनिकाला ठाऊक होतं. मंत्र्यांनाही ठाऊक असणारच, शेवटी आई त्यांची होती. लेखनिकानं मान डोलावली आणि कागद गोळा केले.

लेखनिक आपल्या खोलीत येऊन बसला. खोली कसली, दोन लोखंडी कपाटांच्या मधली फट. खिडकी उघडायची ती कॅन्टीनच्या मागच्या बाजूला. तो कोऱ्या कागदाकडे बघत बसला असताना कॅन्टीनमधल्या भल्यामोठ्या कुकरनं शिट्टी दिली आणि त्याच्या हातातलं पेन थांबलं.

तो लहान असताना त्याचा बाप कामाला होता तो कारखाना बंद पडला, त्या वर्षातली गोष्ट. बाप काम शोधायला म्हणून बाहेरगावी गेला तो महिनोन्‌महिने तिकडेच. दोन घरांत मिळून एकच भिंत, पलीकडे शेजारच्या काकूंचं बिऱ्हाड. भिंत इतकी पातळ की काकू शिंकल्या तर इकडे आईच्या हातातलं काम थांबायचं. संध्याकाळ झाली की काकूंचा कुकर शिट्ट्या मारायला लागायचा. मग आई उठायची. आपल्या कुकरात तांब्याभर पाणी ओतायची, नुसतं पाणी. झाकण लावून स्टोवर चढवायची आणि शिट्टीची वाट बघत बसायची.

"आत काय आहे?" पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं.

"गप्प. काकूंना ऐकू जाऊ दे."

शिट्टी व्हायची. लगेच भिंतीपलीकडून काकूंची हाक यायची, "काय गं, झाला का स्वयंपाक?" आणि आई तोंडभर हसून सांगायची, "हो ताई, आता पानं घेतेच आहे." भिंतीपलीकडच्या माणसासाठी हसायचं कशाला, हे त्याला कळायचं नाही. मग आई आणि तो सकाळची उरलेली भाकरी त्या गरम पाण्यात बुडवून खायची. नसली तर नुसतं पाणी मीठ घालून प्यायची.

"घरातलं घरात, बारक्या," आई सांगायची. "कुणाजवळ बोलायचं नाही."

तो कधी बोलला नव्हता. लग्न झालं तरी बायकोजवळसुद्धा त्यानं हे काढलं नव्हतं. आणि त्या दुपारी मात्र एका बैठकीत त्यानं सगळं लिहून काढलं. तांब्याभर पाणी, स्टो, शिट्टी, पलीकडची हाक, "पानं घेतेच आहे." काही म्हणून काही गाळलं नाही. लिहिताना त्याचे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले म्हणजे भाषण जमलं, एवढंच त्या शहाण्याच्या डोक्यात आलं.

मंत्र्यांची चप्पल झुलली.

सभागृहात तर मंत्र्यांनी कमाल केली. "माझी आई" म्हणताना ते थांबले, रुमाल काढला, चष्मा पुसला. शिट्टीपाशी आले तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जात कुणीतरी हुंदका दिला. पुढल्या आठवड्यात मतदान होतं आणि ते आता नुसतं नावापुरतं उरलं आहे, असं जो तो म्हणायला लागला. मंत्र्यांनी लेखनिकाच्या पाठीवर थाप मारली. ती त्याला आवडली, हेही सांगून टाकलेलं बरं.

दोन दिवसांनी विरोधी बाकावरचा एक ढेरपोट्या सदस्य उठला. त्यानं मंत्र्यांच्या घरचा जुना स्वयंपाकी हुडकून काढला होता. म्हातारा ठणठणीत होता आणि बोलकाही होता. "सन्माननीय मंत्र्यांच्या मातोश्रींना कुकरचं झाकण कुठल्या बाजूनं लागतं हे सांगता येईल का?" एवढंच त्यानं विचारलं. सभागृह खदखदून हसलं. त्यानंतर मंत्री बोलायला उभे राहिले रे राहिले की मागच्या बाकांवरून कुणीतरी तोंडानं शिट्टी वाजवायचं. तीन शिट्ट्या झाल्या की दुसरा ओरडायचा, "गॅस बंद करा!" अध्यक्ष घंटा वाजवायचे आणि स्वतःच हसू दाबायचे. उपाशी पोरांचं विधेयक बघता बघता थट्टेचा विषय झालं. वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं, रिकामा कुकर.

मंत्र्यांनी लेखनिकाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ही गोष्ट तू पैदा केलीस की खरी आहे?"

"खरी आहे."

"कुणाची?"

लेखनिकानं मान खाली घातली. "माझ्या आईची."

मंत्री खुर्चीतून जवळजवळ उडालेच. "अरे मग आधी का नाही बोललास? आहे ना आई? म्हणजे, हयात आहेत ना?"

"आहे."

"उत्तम!" मंत्री म्हणाले. कुणाची आई जिवंत असल्याचा एवढा आनंद लेखनिकानं त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "उद्याच सभागृहात सांगतो. माझ्या सहकाऱ्याच्या आईची कहाणी, मी ती माझी मानली, सगळ्या आया माझ्या आया. आणि परवा चॅनेलवाले तुझ्या घरी जातील. आईंनी फक्त खरं काय ते सांगायचं. खरं सांगायला काय जातंय?"

लेखनिकाला नाही म्हणता आलं असतं. त्याची नोकरी गेली नसती, फार तर बदली झाली असती. पण विधेयक गेलं असतं, आणि त्यानं मनाची समजूत काढली ती विधेयकाच्या नावानं. ती खोटीही नव्हती. पेच तिथंच होता.

आई अजून त्याच घरात राहत होती. घराला आता रंग होता, गॅस होता, कोपऱ्यात लेखनिकानं घेऊन दिलेला फ्रीज होता. भिंत मात्र तीच, आणि पलीकडे काकूही त्याच. तो गेला तेव्हा आई शेंगा सोलत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

"ये. तुझ्या साहेबांच्या आईचं ऐकलं आम्ही टीव्हीवर," ती म्हणाली. "ताईंकडेच बसले होते मी. ताई म्हणाल्या, कुठली गं ही बाई, पाण्याचा कुकर लावायची! मी म्हटलं, असतील एकेक."

लेखनिक तिच्यासमोर खाली बसला.

"आई, ते..."

"तुला मी सांगितलं होतं ना, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून?"

"हो."

"मग?"

दुसऱ्यांना पानंच्या पानं लिहून देणारा माणूस, पण आईसमोर तो नुसता शेंगांची टरफलं गोळा करत बसला. मग हळूहळू, अडखळत त्यानं बाकीचं सांगितलं. म्हातारा स्वयंपाकी, शिट्ट्या, मतदान, चॅनेलवाले. तो भिंतीकडे बघत हळू आवाजात बोलत होता. आईचे हात शेंगा सोलत राहिले.

"जेवण रोज मिळेल पोरांना?" शेवटी तिनं विचारलं.

"रोज."

"आणि मागायला लागणार नाही?"

"नाही. तसाच कायदा आहे. मागायला लागणार नाही."

आईनं बराच वेळ एकच शेंग हातात धरून ठेवली. "मग ये घेऊन त्यांना," ती म्हणाली. "पण आधी मी ताईंना सांगते. टीव्हीवर बघून त्यांना कळायला नको."

पण ते राहूनच गेलं. आई ऐनवेळेपर्यंत धीर गोळा करत राहिली आणि चॅनेलवाले वेळेच्या आधी येऊन थडकले.

बातमीदार मुलगी खरोखर चांगली होती. मावशी, मावशी करत तिनं आईचे हात हातात घेतले. आईनं ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट विंचरून बांधले होते. कॅमेरावाल्यानं घरभर नजर फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"हा फ्रीज नको दिसायला," तो म्हणाला. "लोक म्हणतील, गरिबी कुठाय?"

फ्रीज हलवायला माणसं नव्हती. लेखनिकानं बाह्या सरसावल्या आणि स्वतः खांदा लावून तो फ्रीज दाराआड ढकलला. पहिल्या मोठ्या पगारातून हौसेनं आणलेला फ्रीज. तेव्हा आईनं आळीभर बर्फ वाटला होता. आता ती बाजूला उभी राहून बघत होती. त्याला वाटलं, हिनं चारचौघांत कानाखाली काढली असती तर बरं झालं असतं.

दारात गर्दी जमली. गर्दीत सगळ्यात पुढे काकू, कंबरेवर हात ठेवून, कौतुकानं फुललेल्या. शेजारीण टीव्हीवर येणार म्हणून त्यांनीही केस विंचरले होते.

आईनं कुकरात तांब्याभर पाणी ओतलं. झाकण लावलं. शिट्टी झाली.

"कट," कॅमेरावाला म्हणाला. "बाहेर मोटारसायकल गेली. मावशी, पुन्हा एकदा घ्या ना शिट्टी."

आईनं पुन्हा एकदा घेतली.

"आता तोंडावर उजेड नव्हता. शेवटचं, मावशी."

आईनं पुन्हा घेतली. तिसऱ्या खेपेला कुकरातलं पाणी संपत आलं होतं. कुणी न सांगताच तिनं अजून थोडं ओतलं. इतक्या वर्षांनीही तिच्या हाताचा अंदाज चुकला नाही.

"हे तुम्ही कशासाठी करायचात, मावशी?" बातमीदार मुलीनं मऊ आवाजात विचारलं.

आईनं दाराकडे बघितलं. काकूंकडे. मग नजर खाली घेतली.

"शेजारी ऐकू जावं म्हणून," ती म्हणाली.

दारातली कुजबुज थांबली. काकूंचे कंबरेवरचे हात खाली आले. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक तसंच राहिलं होतं, ते काढायचं त्यांना सुचलं नाही. मग त्या वळल्या आणि गर्दीतून वाट काढत आपल्या घरात गेल्या. पातळ भिंतीतून कडी लावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. लेखनिक खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं लोक नुसतं बोलायचं म्हणून बोलतात, असं त्याला आजवर वाटायचं.

विधेयक मंजूर झालं. लेखनिकाच्या आईचा चेहरा घराघरांत पोचला होता. शिट्टी वाजवायची मागच्या बाकांवर कुणाची छाती झाली नाही. ढेरपोट्या सदस्यानंसुद्धा बाजूनं हात वर केला आणि वर आपल्याही आईचं काहीतरी सांगितलं. मंत्र्यांनी लेखनिकाला मिठी मारली. पुढे शाळा सुरू झाल्या, तेव्हा ऑफिसला जाताना रस्त्यावरच्या शाळेतून ताटल्यांचा खणखणाट ऐकू यायला लागला. लेखनिक फाटकाशी थांबायचा. पोरं रांगेत बसून हाताला चटके बसत असतानाच घास उचलायची, पहिल्यांदा वाढलेलं संपायच्या आधी ताटली पुढे करायची. ते बघून त्याला बरं वाटायचं. आणि त्याच पावली आईकडे जाऊन तिला हे सांगावं असं वाटायचं, पण पावलं काही त्या रस्त्याला वळायची नाहीत. आज काम आहे, उद्या जाऊ, असं करत त्यानं बरेच दिवस काढले.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, तो गेलाच. आई गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. ओट्यावर डाळ धुऊन ठेवली होती, बटाटे चिरून ठेवले होते, आणि गॅसवर एक उघडं पातेलं पाण्यानं भरून ठेवलं होतं. पातेल्यात डाळ शिजवायची म्हणजे तास घालवायचा. आईला मदत करावी, तेवढंच तिला बरं वाटेल, असा विचार त्यानं केला. कुकर जागेवर नव्हता. शोधता शोधता तो सापडला माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेला. हा एवढा वर कशाला टाकला, असं म्हणत त्यानं तो खाली काढला, पुसला, डाळ घातली, बटाटे घातले, पाणी घातलं, चांगला काठोकाठ भरला. झाकण लावून गॅस मोठा केला आणि फळी पुसत उभा राहिला.

शिट्टी झाली. भरलेल्या कुकरची, दणदणीत, डाळीचं पाणी उडवणारी शिट्टी.

जिन्यावर धावत उतरणारी पावलं वाजली. आई कपड्यांचा ढीग छातीशी धरून दारात आली. तिचा श्वास लागला होता.

"बंद कर!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आधी बंद कर, काकूंना ऐकू जाईल!"

त्यानं गोंधळून गॅस बंद केला. तोवर पलीकडची कडी निघाली होती. काकू आल्या. हातात झाकलेली वाटी, झाकणाच्या कडेतून वाफ येत होती.

"बारक्या, तू आलास होय," त्या म्हणाल्या. "शिट्टी ऐकली नि आले. बरं झालं, आज जरा जास्तच केलं होतं मी." आणि वाटी त्यांनी ओट्यावर, जागा ठरलेली असावी अशी, कोपऱ्यात ठेवली.

"ताई, आज नको हो," आई म्हणाली. "कुकर भरलेला आहे."

"हो गं हो," काकू म्हणाल्या. लहान मुलाच्या मनासारखं बोलावं तसं बोलल्या.

"खरंच भरलेला आहे, ताई. डाळ आहे, बटाटे आहेत. थांबा, दाखवते."

आईनं कपडे तिथंच जमिनीवर टाकले आणि झाकणाला हात घातला. पण आत वाफ कोंडलेली. झाकण हलेना. तिनं चमच्याच्या टोकानं शिट्टी उचलून धरली. फस्सकन वाफ उडाली, तिनं हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला.

"अगं राहू दे, भाजशील," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मला कसलं दाखवतेस? मी तेव्हा त्या भिंतीपलीकडे बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होते गं. तेव्हा नाही कळलं मला. आता तरी आणू दे." त्यांनी लेखनिकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू सांगितलंस म्हणून कळलं, बाबा. शहाणा आहेस."

आणि त्या गेल्या. आई चमच्यानं शिट्टी उचलून तशीच उभी होती. वाफ संपत संपत आली, तशी फस्स कमी झाली. मग झाकण निघालं.

कुकर काठोकाठ भरला होता. आईनं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. घरात बघायला होता तो एकटा बारक्या, आणि त्याला दाखवायची गरज नव्हती.

"आई," तो म्हणाला.

आईनं जमिनीवरचे कपडे उचलले, झटकून खाटेवर ठेवले. मग एक ताट घेतलं आणि काकूंची वाटी त्यात उपडी केली.

"खा," ती म्हणाली. "वाटी घासून लगेच परत द्यायची असते. आज तू नेऊन दे."